रोलर कोस्टर म्हणजे ‘मृत्यूशी खेळ’ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोलर कोस्टरविषयी काही छापून आले की मथळ्यात ‘मृत्यूशी खेळ’ किंवा ‘मृत्यूला हुलकावणी’ हमखास असते. हे शब्द यंत्रावर अन्याय करतात आणि मृत्यूचा विषयही उथळ करून टाकतात. मृत्यूला हुलकावणी द्यायला निघालेल्या माणसाची गोष्ट चार हजार वर्षांपूर्वीच मेसोपोटेमियात मातीच्या विटिकांवर लिहिली गेली. उरुकचा राजा गिल्गामेश आणि त्याचा मित्र एन्किडू यांची ती कथा ज्याने वाचली आहे, तो रोलर कोस्टरच्या थराराला मृत्यूचे नाव देणार नाही.

आधी यंत्र पाहू. चढणीवर साखळी गाडीला वर ओढते. त्या वेळी येणारा ‘टक टक टक’ आवाज ऐकून लोक जीव मुठीत धरतात, पण तो आवाज गाडीखालच्या खिट्टीचा असतो. चढणीवरच्या दातेरी पट्टीच्या प्रत्येक दात्यावर ती पडत जाते. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत जात नाही, लगतच्याच दात्यावर अडकते. कडा ओलांडल्यावर बहुतेक जुन्या पद्धतीच्या गाड्यांना इंजिन नसते, कमावलेली उंची हेच इंधन. 50 मीटर उतारावर घर्षण नसते तर वेग ताशी सुमारे 113 किलोमीटर झाला असता. हवा आणि चाके त्यातले थोडे खातात. म्हणूनच पहिला डोंगर सर्वांत उंच ठेवतात.

उतारावर गाडी रुळावरून उडत का नाही? चाके तीन प्रकारची असतात. वरची भार वाहतात, बाजूची वळणावर आवरतात आणि तिसरी रुळाच्या खालून धरून ठेवतात. या खालच्या चाकांचे पेटंट अमेरिकी अभियंता जॉन मिलर यांनी 1919 मध्ये घेतले आणि उंच, तीव्र उतार शक्य झाले. त्याआधीच्या गाड्या निव्वळ वजनाने रुळावर टिकून असत, म्हणून त्यांचे उतार सौम्य ठेवावे लागत. गिल्गामेश आणि एन्किडू हंबाबा राक्षसाच्या देवदार वनाकडे निघतात तेव्हा कथेत अशा अर्थाचे बोल येतात, की निसरड्या वाटेवर दोघांनी एकमेकांना सावरावे आणि तीन पदरी दोर सहज तुटत नाही. चाकांची ती तीन जोडकामे पाहताना मला नेहमी हा दोर आठवतो.

लूपची, म्हणजे गाडीला उलटी करून आणणाऱ्या उभ्या वळशाची, गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण इथे चूक कशी कळली ते दिसते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा लूप उभा राहिला. तो पूर्ण गोल होता आणि प्रवाशांच्या माना दुखावत. कारण साध्या गणितात आहे. गोल लूपच्या माथ्यावर गाडी जेमतेम टिकायची म्हटली, तरी तळाशी प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या सहापट दाब सोसावा लागतो, आणि सपाट रुळावरून गोलात शिरताना हा दाब एकदम येतो. उपाय निघाला तो आकार बदलून. तळाशी वळण मोठे आणि माथ्यावर लहान, म्हणजे पाण्याच्या थेंबासारखा लूप. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी असा लूप 1976 मध्ये कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’ या रोलर कोस्टरसाठी आखला. मान सावरली ती धाडसाने नाही, आकाराने.

मग थरार कशाचा? आपल्या भाषेत ‘पोटात गोळा येणे’ म्हणतात ते इथे शब्दशः घडते. कड्यावरून रूळ खाली वळतो, शरीर मात्र आधीच्याच दिशेने जाऊ पाहते. आसनाचा आधार सुटतो, पोटातले अवयव क्षणभर भाररहित होतात आणि आतल्या कानातले सूक्ष्म खडे मेंदूला ‘पडतोय’ असा निरोप देतात. हा गोळा हवा असेल तर शेवटच्या डब्यात बसावे. गाडीचा मध्य कड्यावर असतो तेव्हा वेग सर्वांत कमी असतो. पुढचा डबा कड्यावरून हळू उतरतो, शेवटचा मात्र तोवर वेग पकडलेल्या गाडीमागे खेचला जातो.

शेजारी कोण बसले आहे याने या भीतीचा रंग बदलतो. महाकाव्यात हे फार सुंदर आले आहे. वनाच्या वाटेवर गिल्गामेश वारंवार दचकून जागा होतो आणि विचारतो, तू मला हाक मारलीस का, शिवलास का, माझे अंग बधिर का झाले? प्रत्येक भयाण स्वप्नाचा एन्किडू शुभ अर्थ लावतो आणि दोघे पुढे चालतात. पुढे एन्किडू आजारी पडून मरतो. गिल्गामेश सहा दिवस आणि सात रात्री त्याचे प्रेत पुरू देत नाही, त्याच्या नाकातून अळी गळून पडेपर्यंत. मृत्यू तो आहे. रोज प्राणी यमाघरी जातात तरी उरलेल्यांना आपण कायमचे राहू असे वाटते, याहून मोठे आश्चर्य कोणते, हे युधिष्ठिराचे यक्षाला दिलेले उत्तरही चार भाऊ निपचित पडलेले असताना आलेले आहे. दोन मिनिटांत संपणाऱ्या आणि फलाटावर परत येणाऱ्या फेरीला हे वजन देऊ नये.

बिघाडाविषयीही बातम्या गोंधळ करतात. गाडी चढणीवर थांबली की ‘प्रवासी अडकले’ असे छापले जाते. बहुतेकदा ती यंत्रणा नीट चालल्याची खूण असते. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा मोकळा झाल्याचे सेन्सरने कळवले नाही तर मागची गाडी जिथे आहे तिथेच रोखली जाते. घर्षणाचे ब्रेक स्प्रिंगने मिटतात आणि हवेच्या दाबाने उघडतात, म्हणजे हवा गेली तर ते आपोआप लागतात. चुंबकी ब्रेकला वीजही लागत नाही. मात्र वेग घटला की त्याचा जोरही घटतो, त्यामुळे शेवटचे थांबवणे घर्षणाकडे सोपवावे लागते.

गाडी दोन डोंगरांच्या मधल्या दरीत अडकणे हा वेगळा प्रकार आहे. थंड सकाळ, घट्ट झालेले ग्रीस, समोरचा वारा आणि नवी चाके एकत्र आली की हिशेबातली उंची पुरत नाही. म्हणून दिवसाची सुरुवात रिकाम्या फेऱ्यांनी करतात.

खरा शत्रू निराळा आणि चिवट आहे तो म्हणजे धातूचा थकवा. त्याच आसावर, त्याच वेल्डवर, त्याच बोल्टच्या भोकाकाठी तोच भार हजारो वेळा येतो आणि केसाएवढा तडा सुरू होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. भाग चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकली, की भुकटी तड्याच्या रेषेवर गोळा होते. आतल्या तड्यांसाठी अल्ट्रासाउंड लागतो. हे काम ठरल्या वेळी झाले का, हे फक्त नोंदवहीच सांगू शकते. महाकाव्यात मृत्यूवर उपाय विचारायला आलेल्या गिल्गामेशला अमर झालेला उत्नपिश्ती सहा दिवस आणि सात रात्री जागे राहायला सांगतो. तो लगेच झोपतो. उत्नपिश्तीची बायको रोज एक भाकर भाजून उशाशी ठेवते आणि भिंतीवर खूण करते. जाग आल्यावर गिल्गामेश म्हणतो, आत्ता कुठे डोळा लागला होता. तेव्हा पहिली भाकर वाळून कडक झालेली असते, पाचवीवर बुरशी असते आणि सातवी अजून निखाऱ्यावर असते. ‘तपासले होते’ या तोंडी शब्दाविरुद्ध याहून भक्कम नोंद मला माहीत नाही.

बसणाऱ्यांनी एवढे करावे. पाठ पूर्ण टेकून बसावे. आडवा बार मांड्यांवर टेकवावा, पोटावर किंवा मांडीवरच्या पिशवीवर नको. कर्मचारी बार ओढून पाहतो तेव्हा अंग चोरू नये. लूपमध्ये डोके मागच्या उशीला लावावे. उंचीची अट मुलाच्या धैर्याची परीक्षा नसते. बार ओटीपोटाच्या हाडांवर बसतो की नाही, याचे ते माप असते. त्यामुळे जाड तळव्याचे बूट घालून ते चुकवू नये. हृदयविकार, गर्भावस्था, मान किंवा पाठीचे दुखणे असल्यास बसूच नये. मध्ये थांबल्यास बसून राहावे, बार स्वतः सोडवू नये.

आपल्या बातमीदारांना विनंती, की अपघात झाला तर ‘काळाने घाला घातला’ लिहिण्याआधी चार प्रश्न विचारावेत. त्या दिवशीची तपासणी कोणी केली, सही कोणाची, तो भाग शेवटचा कधी तपासला, आणि संगणकाने दिलेला इशारा कोणी बाजूला सारला का? तारुण्य परत देणारी वनस्पती साप घेऊन गेल्यावर रिकाम्या हाताने उरुकला परतलेला गिल्गामेश नावाडी उर्शनबीला म्हणतो, भिंतीवर चढ, पायापासून नीट बघ, विटा भट्टीत भाजलेल्या आहेत ना ते तपास.

आपला,
एक वाचक