अण्णांच्या डोळ्याचा रिपोर्ट

मिरज,
गुरुवार, रात्री साडेदहा

प्रिय सुन्या,

काल फोनवर तू तावातावानं बोललास आणि मीही उगाच आवाज चढवला. ‘‘सोमवारी म्हणालात बुरशी, बुधवारी कागद दिला काही उगवलं नाही म्हणून. मग माझ्या भावाचं बुबुळ खरवडलंत कशाला?’’ तुझा प्रश्न चुकीचा नव्हता. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलोय.

अण्णांना पाचट काढताना उसाचं पान लागलं, त्याला आज बारावा दिवस. तसल्या पानावर बुरशीचे बीजाणू असतातच. धडधाकट बुबुळावर त्यांचं काही चालत नाही, पण ओरखडा पडला की वाट मोकळी. त्यात मेडिकलवाल्यानं डॉक्टरांना न दाखवताच ‘लाली जाते’ म्हणून जो ड्रॉप दिला, त्यात स्टेरॉइड होतं, म्हणजे सूज दाबणारं पण डोळ्याची जंतूंशी लढायची ताकदही दाबणारं औषध. लाली गेली, ठणका कमी झाला, अण्णा खूश. आणि आत बुरशीला रान मोकळं! ती बाटली मी सोमवारी बघितली तेव्हा डोकंच फिरलं माझं. बाईचं दूध, मध घालून आलेले लोक मी पाहिलेत, पण हा ड्रॉप त्याहून वाईट.

आता खरवडण्याचं. आधी सुन्न करणारा थेंब घालतात. मग स्लिट लॅम्पपुढं (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) बसवून जखमेच्या कडेचं आणि बुडाचं जरासं खरवडून घेतात. निघतं किती? रव्याच्या कणाएवढं. तेवढ्यात दुर्बिणीखाली बघायच्या दोन-तीन स्लाइडा आणि जंतू उगवायच्या चार प्लेटा भागवायच्या. म्हणून डॉक्टर पात्याला लागलेलं पुसून टाकत नाहीत, प्रत्येक प्लेटवर इंग्रजी ‘सी’च्या आकारात ओढतात. त्या ‘सी’वर उगवलं तर ते डोळ्यातलं. बाहेर कुठं ठिपका आला तर तो हवेतला, तो मोजायचा नाही. आणि खरवडल्यानं बिघडलं हे डोक्यातून काढ. वरचा थर निघाला की बुरशीचं औषध उलट आत शिरतं.

पहिल्या स्लाइडवर मी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, दहा टक्क्यांचा. त्यात पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीचं कवच टिकतं. दहाएक मिनिटांनी चाळीसच्या लेन्सखाली बघितलं आणि दिसलं. लांब, फांद्या फुटलेले धागे, आणि त्यांना मधेमधे पडदे. अगदी उसाच्या कांड्याला पेरं असतात तसे. पहिल्या वर्षी मी एकदा कापसाच्या धाग्याला बुरशी ठरवून मोकळा झालो होतो. मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं होतं. तेव्हापासून पेरं दिसल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. अण्णांच्या स्लाइडवर ती स्पष्ट होती. सोमवारी दुपारीच औषध सुरू झालं ते या स्लाइडच्या जोरावर.

मग बुधवारचा कागद? तो अठ्ठेचाळीस तासांचा कच्चा रिपोर्ट होता. जिवाणू बहुधा एक-दोन दिवसांत उगवतात. त्यांच्या प्लेटवर, चॉकलेट अगरवर, काही आलं नाही (त्यात चॉकलेट नसतं रे, तापवलेलं रक्त असतं, रंगावरून नाव पडलं). चौथ्या प्लेटवर ई. कोलाय नावाचे जिवाणू पसरून ठेवतात, अमीबा असेल तर तो ते खात पुढं सरकतो. तिथंही वाट उमटलेली नाही. बुरशीची गोष्ट वेगळी, ती सावकाश चालते. तिची प्लेट आम्ही दोन आठवडे ठेवतो. ‘अद्याप वाढ नाही’ यातला ‘अद्याप’ तू वाचलाच नाहीस, आणि आमच्या माणसानं सांगितलाही नाही. ही मात्र आमची चूक.

आज सकाळी बुरशीची ती प्लेट, सबुरो म्हणतात तिला, उघडून बघितली तर ‘सी’च्या रेघेवर पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा पुंजका. मला फ्युजेरियम नावाची बुरशी वाटतेय. पण बीजाणू धरल्याशिवाय नाव लिहिणार नाही. शनिवारपर्यंत धरतील, मग निळ्या रंगात बघीन. फ्युजेरियमचे बीजाणू होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते असतात.

तू म्हणालास, कोरोनात गल्लोगल्ली पीसीआर होत होतं, तेच करा की. करतात, पण मुख्यतः जंतू डोळ्याच्या आत दडलेला असतो तेव्हा. नागीण, टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, कधी टीबी. मग सुईनं आतलं पाणी काढतात, साधारण ०.१ मिली. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सगळं मिळून पाव मिलीच असतं, त्यामुळं तेवढ्याशा पाण्यातून काय काय शोधायचं हे आधी ठरवावं लागतं. अण्णांची जखम वरच आहे. तिथं एका थेंबानं काम झालं.

अण्णांचं बुरशीचं औषध नॅटामायसिनच. दक्षिणेतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर याची व्होरिकोनॅझोल या बुरशीच्या दुसऱ्या औषधाशी तुलना झाली, २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. फ्युजेरियमला नॅटामायसिन चांगलंच सरस ठरलं. सध्या दर तासाला घालायचंय, आणि बाटली हलवून, नाहीतर औषध तळाशी बसतं. जखमेवर पांढरा साका दिसेल. तो औषधाचा असतो, वहिनींना सांग, पू समजून पुसत बसू नका. बुबुळाच्या आत खाली पांढरी रेघ साठताना दिसली तर मात्र तडक घेऊन ये, रविवार असला तरी.

फूल, म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग, राहणार का, हे तू तीनदा विचारलंस. थोडं राहील. जखम मधोमध नाही, एका कडेला आहे, म्हणून नजर वाचेल असं डॉक्टर म्हणाले. मी काही डॉक्टर नाही, मी त्यापुढं बोलणार नाही.

शनिवारी अण्णांना आणशील तेव्हा ती मेडिकलवाल्याची बाटली परत आण, फेकू नकोस. आणि दुपारी लॅबमध्ये ये, प्लेट दाखवतो.

तुझा,
बाळ्या