ती धून क्लूसोची नव्हे, चोराची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला 'द पिंक पँथर' (1963) या चित्रपटावरचा लेख मनापासून आवडला. एक दुरुस्ती मात्र करायलाच हवी. संगीतकार हेन्री मॅन्सिनीची ती प्रसिद्ध धून लेखात चित्रपटातल्या धांदरट इन्स्पेक्टर क्लूसोच्या नावावर टाकली आहे. मॅन्सिनीने ती बांधली डेव्हिड निव्हनने रंगवलेल्या हिरेचोरासाठी. 'पिंक पँथर' हे तर हिऱ्याचं नाव. उजेडात धरला की आतल्या डागात झेप घेणारा पँथर दिसतो, म्हणून. पुढच्याच वर्षीच्या 'अ शॉट इन द डार्क'मध्ये क्लूसो आहे पण हिरा नाही, आणि ही धूनही नाही. पीटर सेलर्सचा क्लूसो पृथ्वीचा गोल गरकन फिरवतो, विचारात गढून त्यावरच रेलतो आणि धाडकन खाली पडतो. धुनीतलं इतकं दबकं, तोललेलं पाऊल त्याचं कसं असेल?

चोराची धून म्हटलं की ती वाजवायची कशी, तेही उलगडतं. पांढरी तीनचा (म्हणजे E) सा धरला तर सुरुवात अशी: नि-सा, मग शांतता, मग रे-कोमल ग. नि निसटता, सा वर पाय टेकलेला. कीबोर्डवर बरेच जण दोन्ही स्वरांना सारखाच वेळ देतात आणि चोर कवायत करायला लागतो. मधली शांतताही भरून काढू नये. चोर तिथे कानोसा घेतोय. पुढे धून चढत पंचमाला शिवते आणि लगेच तीव्र मध्यमावर घसरून तिथेच रेंगाळते. कानाला पंचम हवासा वाटतो, म्हणून बोट पुन्हा तिकडे वळतं. वळू देऊ नये. तो लांबलेला तीव्र म हाच या धुनीचा जीव आहे. त्यानंतर शुद्ध म, कोमल ग, सा, कोमल नि, सा असं उतरायचं.

सुरुवातीच्या शीर्षकांतला कार्टूनमधला गुलाबी पँथर सुरावटीला इतका चपखल बसतो त्यालाही कारण आहे. मॅन्सिनीने ॲनिमेटरांना आधी लय ठरवून दिली, त्या लयीवर चित्रं झाली, आणि मग हालचालींनुसार त्याने संगीतातले आघात बसवले.

आणि धुनीतला तो टेनर सॅक्सोफोन प्लास जॉन्सनचा. त्याचा सूर डोळ्यांपुढे ठेवूनच मॅन्सिनीने ती जागा लिहिली होती. पुढच्या वेळी संगीतकाराशेजारी वादकाचंही नाव छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक