शाळेची जुनी रजिस्टरं स्कॅन करा

संपादक साहेब, नमस्कार.

मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा २०२३ ला आमच्या गावच्या मराठी शाळेचं कपाट उघडलं. आजोबांची नोंद बघायला मी पण गेलेलो. जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे पोरांची नावं दाखल आणि कमी करायची बुकं, कापडात बांधून ठेवलेली, सगळ्यात खालच्या दोघांना वाळवी लागलेली, पान उलटलं की कोपरा हातातच येतोय. सरांचा दोष नाही, दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यात रोजची ऑनलाइन माहिती भरायची, कधी बघणार ते.

आमचं गाव कोल्हापूर संस्थानातलं. १९१७ ला शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, पोरगं शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड, आणि त्या काळात रुपया म्हणजे काय ते म्हाताऱ्यांना विचारा. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. १९४९ ला संस्थान विलीन झालं, मग स्कूल बोर्ड आलं आणि १९६२ पासून जिल्हा परिषद. आमच्याकडची म्हातारी माणसं मात्र अजून बोर्डाची शाळाच म्हणतात.

हा सगळा इतिहास पुस्तकात मिळेल हो, पण गावचा इतिहास त्या रजिस्टरातच आहे. निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा! गुरुजींनी पोराकडं बघून अंदाजानं वर्ष धरायचं आणि तारीख ठोकून द्यायची, आमचे वडील पण त्यातलेच, रिटायर पण त्याच तारखेच्या हिशोबानं झाले. आजोबांचं नाव काय सापडलं नाही, पण आत्याचं सापडलं. तिसरीत नाव कमी केलंय आणि शाळा सोडल्याचं कारण म्हणून लिहिलंय ‘गुरे राखणे’. त्याच पानावर अजून चार मुली, तिघींपुढं ‘घरकाम’, एकीपुढं ‘लग्न’. आत्या आम्हाला कायम सांगायची की मला अभ्यासच आवडत नव्हता.

दाखल्यापुरती रजिस्टरं उघडायची आणि परत बांधून ठेवायची हे किती दिवस चालणार? तालुक्याला एक स्कॅनर आणि दोन माणसं दिली तर उन्हाळ्याच्या सुट्टीत बरंच काम उरकेल, एक कॉपी ग्रामपंचायतीत पण ठेवा. आत्याच्या पानाचा फोटो मी मोबाईलवर काढून घेतलाय. बाकीचं पाऊस लागायच्या आत करा, कपाटावरचं कौल फुटलेलं आहे.

– एक माजी विद्यार्थी, करवीर तालुका