नाकाची गोळी आणि बीपीची वही

नाशिक,
डिसेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. पण बाबा, तुमचा डावा कान बंद. उजव्या कानाला फोन लावला की स्वयंपाकघरातून आईच्या सूचना सुरू होतात. आणि मी औषधाचं नाव काढलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय गुंडाळता. लिहिलेला कागद मात्र तुम्ही नीट वाचता, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल गोल करता आणि फायलीला लावता. तर गोल करा, पण वाचा. आईलाही मोठ्याने वाचून दाखवा, कारण यातलं बरंचसं तिलाच सांगायचं आहे.

तुम्ही बीपीच्या वहीचे फोटो पाठवता, ते मी नुसते बघून सोडत नाही. दिवाळीपर्यंत वरचा आकडा १३० ते १३५च्या आत होता. मग थंडी पडली, नाक चोंदलं, कान ठणकायला लागला आणि आकडे १५६, १६०, एकदा तर १६४. शेजारी तुमच्या अक्षरात शेरा, 'थंडीमुळे'. थंडीत बीपी थोडं चढतं हे खरं, पण सगळा बोजा थंडीवर टाकू नका. डॉक्टरांनी वही पाहिली आणि टेल्मिसार्टन, म्हणजे तुमची बीपीची गोळी, ४०ची ८० केली, जोडीला लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी दिली. त्यांच्यासमोर नुसते आकडे होते, त्यांनी दुसरं काय करायचं? त्याच पंधरवड्यात तुम्ही मेडिकलमधून सर्दीची गोळी आणलीत, कानदुखीची वेगळी आणलीत, नाकात टाकायचे थेंब आणलेत, आणि घरी आईचा काढा चालू होता, हे त्यांना कोण सांगणार? तुमच्यावर एका वेळी तिघं उपचार करतायत: डॉक्टर, मेडिकलवाला आणि आई. तिघांच्याही मनात तुमचं भलंच आहे, पण कोण काय देतंय हे एकालाही माहीत नाही.

मला फार्मसीला घालताना तुम्ही भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढलेत आणि आता गोळी काउंटरवरच्या पोराला विचारून घेता, याचा राग मी पुन्हा कधीतरी काढीन.

आधी सर्दीची गोळी. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात तीन-चार नावं असतात. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन, फिनाइलएफ्रिन, कधी कॅफीन. यातलं फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करायला घातलेलं असतं. सायनस भरतो तेव्हा नाकाच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्या आवळल्या की वाट मोकळी होते, असा त्यामागचा हिशेब. पण रक्तवाहिन्या आवळणं म्हणजेच बीपी वाढवणं, म्हणून अशा औषधांवर 'उच्च रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारा' असं लिहिलेलं असतं. त्यात गंमत अशी, की गोळीतून घेतलेलं फिनाइलएफ्रिन बरंचसं आतड्यात आणि यकृतातच निकामी होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३मध्ये एकमताने सांगितलं, की तोंडावाटे घेतलेलं हे औषध चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. म्हणजे बीपीवाल्याने ज्यापासून जपायचं, त्याचा नाकाला धड उपयोगही नाही. तुम्हाला जे बरं वाटतं ते पॅरासिटामॉलने, आणि जी झोप लागते ती क्लोरफेनिरामिनची. त्याच क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते. 'रात्री लघवीला अडखळतं' ही तुमची नोंद कोणत्या आठवड्यातली आहे, ते वहीत बघा.

माझा खरा संशय मात्र कानदुखीच्या गोळीवर आहे. त्यात आयबुप्रोफेन आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि टेल्मिसार्टनचा जोर कमी करतात. डॉक्टर एका बाजूने मीठ बाहेर काढायला गोळी देतायत आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने ते आत अडवताय. शिवाय टेल्मिसार्टन, पाणी काढणारी गोळी आणि आयबुप्रोफेन हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो, तुमच्या वयाला जास्तच. तेव्हा ती गोळी बंद. कान दुखलाच तर साधी पॅरासिटामॉल, ६५०ची एक, दिवसात फार तर तीन, मध्ये सहा तासांचं अंतर. पाण्यात फसफसणारी आणू नका, तिच्यात सोडियम असतं. आणि पॅरासिटामॉलही सवयीची करू नका. बीपीच्या रुग्णांना रोज चार ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिली तर वरचा आकडा पाचेक अंकांनी चढला, असं एडिंबरात झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. दोन-तीन दिवस घेतल्याने काही बिघडत नाही, रोजचा रतीब नको.

आता थेंब. उशाशी बाटली ठेवता ना? झायलोमेटाझोलिनचे ते थेंब सावकारासारखे आहेत. रात्री उसना श्वास देतात आणि सकाळी व्याजासकट वसूल करतात. पाच दिवसांच्या पुढे वापरले की त्यांचा असर उतरताना नाक आधीपेक्षा जास्त फुगतं, म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं. तुमची बाटली दिवाळीनंतरपासून चालू आहे. निम्मी चोंद आता सायनसची नसून त्या थेंबांचीच असेल. ते सोडवताना एका वेळी एकच नाकपुडी सोडवतात: आधी उजवीत टाकणं बंद, ती मोकळी राहायला लागली की डावीत. चार-आठ दिवस त्रास होईल, तेव्हा उशाला एक उशी जास्त घ्या.

त्या काळात आधार द्यायला नाकाचा स्टिरॉइड फवारा आहेच. कानाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला, तीन दिवसांत गुण आला नाही म्हणून तुम्ही देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलेला, तोच. बाबा, तो तीन दिवसांत गुण देणारा नाहीच. रोज मारला तर आठवडाभरात फरक कळायला लागतो, पुरता गुण यायला दोनेक आठवडे जातात. स्टिरॉइड म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो, पण फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनच्या फवाऱ्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं आणि त्याने बीपी चढत नाही. फक्त मारायची पद्धत सांभाळा. मान किंचित पुढे, डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, आणि फवाऱ्याचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, कानाच्या रोखाने. जोरात ओढू नका, घशात जातो आणि वाया जातो. मोतीबिंदूची तपासणी राहिली आहे, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही फवारा चालू असल्याचं सांगायचं.

फवाऱ्याच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलंत तर तो जास्त लागू पडतो. यावर आईचा प्रश्न मला इथे ऐकू येतोय, 'त्यांना मीठ बंद आहे ना?' आई, ते पाणी एका नाकपुडीतून जाऊन दुसरीतून बाहेर पडतं, पोटात जेमतेम थेंबभर जातं. पापड-लोणच्यावर तुझी नजर असू दे, यावर नको. पावशेर पाण्याला आयोडीन नसलेलं मीठ अर्धा चहाचा चमचा, सपाट, आणि चिमूटभर खायचा सोडा. नाहीतर मेडिकलमध्ये तयार पुड्या मिळतात, त्या सोप्या. बाबांनी बेसिनवर वाकायचं, मान एका बाजूला कलती ठेवायची आणि श्वास तोंडाने घ्यायचा. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच. नळाचं नको, बोअरचं नको, कृष्णेचं तर नकोच. केरळात २०२४ आणि २०२५ साली मेंदू पोखरणाऱ्या अमिबाने माणसं दगावली, तो जंतू नाकातूनच आत शिरतो. प्यायलेल्या पाण्यातून त्याची बाधा होत नाही, नाकात गेलेल्या पाण्यातून होते. भांडं रोज धुऊन कोरडं करायचं. आणि कान फार ठणकत असेल त्या दिवशी नाक धुणं राहू दे.

आई, आता तुझ्या काढ्याकडे येते. आलं, तुळस, गवती चहा, मिरी, काही हरकत नाही. ज्येष्ठमध बंद. पूर्ण बंद, चिमूटभरही नको, आणि चघळायच्या कांड्याही त्यांच्या खिशात नकोत. ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन असतं. त्याने शरीरात मीठ साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी चढतं. पाणी काढणाऱ्या नव्या गोळीनेही पोटॅशियम उतरू शकतं, म्हणजे दोन्हीकडून तेच. घशाला ते गोड लागतं, खोकला निवतो, सगळं खरं. पण बाबांच्या औषधांशी ते पटत नाही. 'झाडपाल्याने काय होतंय' हे वाक्य मी दुकानात रोज ऐकते, तुझ्याकडून तरी नको. कानात लसणीचं कोमट तेलही घालू नकोस. पडद्याला बारीक भोक असलं तर ते आत जाईल. शिवाय दुखणं कानात जाणवत असलं तरी मूळ बहुतेक नाकाच्या मागे आहे. तिथून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. ती सुजून मिटली की कानातली हवा कोंडते, पडदा आत ओढला जातो, दडा बसतो आणि ठणका लागतो. तेल बाहेरून कितीही घातलं तरी त्या नळीपर्यंत पोचत नाही.

बाबा, आणखी एक विचारायचं आहे. तुमचं सगळं डाव्या बाजूचंच का? डावी नाकपुडी, डावा गाल, डावा कान. आणि 'उन्हाळ्यात बघू' म्हणून ठेवलेली किडकी दाढही डावीकडची, वरची. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात, त्यामुळे दाढेतला पू सायनसमध्ये उतरू शकतो. मग नाकावर कितीही औषधं करा, मूळ दाढेतच राहतं. तेव्हा उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही. कानाच्या डॉक्टरांनाही एकाच बाजूचं दुखणं आहे हे ठासून सांगू. मोठ्या माणसाचा एकच कान बरेच दिवस बंद राहिला तर ते दुर्बीण घालून नाकाची मागची बाजू बघतात. तसं म्हणाले तर घाबरू नका आणि 'कशाला' असंही म्हणू नका.

बीपी मोजताना पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा नाही, आणि मोजताना बातम्यांवर भाष्य नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. वहीत एक नवा रकाना आखा, 'आज आणखी काय घेतलं'. त्यात काढाही लिहायचा. आणि आकडे खाली आले म्हणून स्वतःच्या मनाने टेल्मिसार्टन अर्धी करू नका. डोस डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त त्यांना खरं काय ते सांगा.

काही गोष्टी झाल्या तर मात्र माझी वाट बघू नका, शेजाऱ्यांना हाक मारा आणि थेट साताऱ्याला निघा. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, मान ताठरून ताप, कानातून पू किंवा रक्त. एका कानाने अचानक ऐकूच येईनासं झालं तरी त्याच दिवशी दाखवायचं. लवकर औषध सुरू झालं तर कान वाचायची शक्यता जास्त असते. आकडा १८०/१२०च्या वर गेला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर डॉक्टरांना लगेच फोन, सोबत वरचं काही असेल तर फोनही नको, दवाखाना.

मी नाताळच्या सुट्टीत येते. शनिवारची वेळ घेतली आहे, आधी दाढ, मग कान, तिथून बीपीचे डॉक्टर. एका पिशवीत घरातली सगळी पाकिटं भरून ठेवा, अर्धी संपलेली, मुदत गेलेली, सगळी. बीपीचं यंत्रही घ्या, डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून बघू. आई, ज्येष्ठमधाची बरणी लपवू नकोस, तीही पिशवीत टाक.

तुमची,
नीलू

ता. क. पाचगणीला आत्याकडच्या वास्तुशांतीचं निमंत्रण मलाही आलंय. पसरणीचा घाट चढताना एवढं जाणवणार नाही, उतरताना कान धरेल, कारण खाली येताना बाहेरचा दाब वाढतो आणि तुमची नळी मिटलेली. जायचंच ठरलं तर उतरताना झोपू नका, लवंग चघळत आवंढे गिळत राहा, जांभया द्या. नाक चिमटून जोरात फुंकू नका. आणि एसटीत शेजारचा कुणी 'ही घ्या, कान बसणार नाही' म्हणून गोळी देईल, ती घेऊ नका. जमलं तर पूजा झाल्यावर आत्यालाच चार दिवस वाईला बोलवा, तिचे कान ठणठणीत आहेत.