‘काही लागलंच नाही’ म्हणालीस म्हणून

दादर, मुंबई

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर वैतागून म्हणालीस, “हेपटायटिस बीचा पेशंट दिला होता, तपासलं तर काही लागलंच नाही, सर ओरडले.” कुकरच्या शिट्ट्यांत बोलणं राहून गेलं, म्हणून लिहिते आहे. मी तुझ्यासारखी डॉक्टरकी शिकले नाही, पण नर्स म्हणून मेडिसिनच्या वॉर्डात 32 वर्षं काढली आहेत.

अगं, आजार लिव्हरचा असला तरी बऱ्याच जणांत हाताला काही लागत नाहीच. गणपतीतल्या शिबिरात रक्त दिलं, मग रक्तपेढीतून बोलावणं आलं, तेव्हा कळलं. असे धडधाकट तरुण कितीतरी पाहिले. डोळे पांढरे, पोट मऊ, लिव्हर हाताला नाही. तेवढंच लिहायचं. सरांना खूश करायला बोटभर लिव्हर लिहू नकोस.

कावीळ ट्यूबलाइटखाली शोधू नकोस. आम्ही पेशंटला गॅलरीत न्यायचो. त्याला खाली बघायला सांग, वरची पापणी उचल आणि तिथला पांढरा भाग बघ. उन्हातान्हात राबणाऱ्यांचे डोळे कोपऱ्यात मळकट पिवळे असतातच, ती कावीळ नव्हे. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, अडीच-तीनच्या आसपास गेल्याशिवाय डोळ्यांत नीट दिसत नाही. लघवी मात्र त्याआधीच गडद होते, म्हणून ते आधी विचार.

एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. विशीतला, ताजी कावीळ. सोमवारी लिव्हर बरगडीखाली दोन बोटं, मऊ, दाबलं की कळवळायचा. गुरुवारी रेसिडेंटच्या हाताला लागेना. “सिस्टर, उतरतंय,” म्हणाला. डोळे तर हळदीसारखे! त्याच्या आईने मला बाजूला घेतलं. रात्रभर टक्क जागा असतो, दिवसा झोपतो, मघाशी शर्टाची बटणं वरखाली लावून बसला होता. मी त्याला हात पुढे करायला लावले, ट्रॅफिक हवालदार गाडी अडवतो तसे, मनगटं मागे वळवून. पंजे फडफडले, म्हणजे लिव्हरचा त्रास मेंदूपर्यंत पोचला होता. मोठ्या डॉक्टरांनी वरून खाली बोटांनी ठोकत आणलं, तर लिव्हरचा बद्द आवाज जेमतेम चार बोटं. लिव्हर बरं होत नव्हतं, आक्रसत होतं. मुलगा गेला. म्हणून ‘लागत नाही’ लिहिण्याआधी कालचा केसपेपर उलटून बघ, काल लागत होतं का.

जुन्या, लिव्हर कडक झालेल्या पेशंटचं निराळं. तिथे पोटाआधी छाती, मान आणि तळहात बघ. कोळ्यासारखी लाल नक्षी दिसली की मधोमध पेनाच्या टोकाने दाब. त्या नक्षीचे पाय नाहीसे होतात, सोडलं की मधून बाहेर भरत येतात. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे. आपल्या सावळ्या माणसांवर ते इतकं ठसठशीत दिसत नाही, तळहाताची लालीसुद्धा. उजेड धर आणि घाई करू नकोस. काही पुरुषांची छाती बाईसारखी वाढलेली असते, ते फार लाजतात. आधी पडदा ओढ. पोटात पाणी असेल तर कुशीवर वळवल्यावर बद्द आवाजाची जागा सरकते. डाव्या बरगडीखालची प्लीहा लागली नाही तर उजव्या कुशीवर वळवून पुन्हा बघ. पावलांची सूज बायकोला आधी कळलेली असते, चप्पल घट्ट होते ना. अंगावर पित्त, सांधेदुखी असं काही आधी होऊन गेलं का तेही विचार. या आजारात कधीकधी कावीळ यायच्या आधी ते दिसतं.

हात मात्र गार नकोत. गार हात लागला की पोट आवळतं आणि मग कुणालाच काही लागत नाही. पोट उजवीकडे खालून वर चाचपत ये, श्वासाबरोबर लिव्हरची कड स्वतः बोटाला येऊन भिडते.

तुझे हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झालेत, पण नंतरची अँटीबॉडी तपासलीस का? 10च्या वर हवी. रिपोर्टचा फोटो पाठव. आणि नखं काप; परवा व्हिडिओ कॉलवर दिसली मला.

तुझी,
आई