पोटाच्या टीबीच्या कोर्सला फेरतपासणीची तारीख द्या

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक सरकार यांस,

स. न. वि. वि.

खानापूर, निपाणी, चिकोडी भागात पोटदुखी, बारीक ताप आणि उतरत चाललेले वजन घेऊन कोणी दवाखान्यात गेले, की आतड्याचा टीबी गृहीत धरला जातो, आणि आपल्याकडे टीबी किती आहे हे पाहता त्यात वावगे काही नाही. मात्र क्रोन्स या आतड्याच्या दाहविकाराची लक्षणेही हीच असतात. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे दोन्ही आजारांत व्रण पडतात आणि दुर्बिणीतून पाहणारे जाणते डॉक्टरही चकतात. क्रोन्ससाठीची स्टिरॉइड्स टीबीच्या रुग्णाला दिली तर टीबी बळावतो, म्हणून खात्री नसेल तेव्हा आधी टीबीची औषधे दिली जातात.

या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. औषधे सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून व्रण भरताहेत का हे पाहायचे असते, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही या गोळ्यांनी काही काळ उतार पडू शकतो आणि नुसत्या बरे वाटण्यावर विसंबता येत नाही. माझ्या पुतण्याच्या केसपेपरवर ती तारीखच नव्हती. कोर्स पुरा होईपर्यंत आतडे अरुंद झाले आणि अखेर तेवढा भाग कापून काढावा लागला. त्याच्या भगंदरावर दुसरीकडे इलाज चालू होता. क्रोन्समध्ये भगंदरही होऊ शकते, हे दोन्हीकडे कोणाच्या ध्यानी आले नाही.

पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी बायोप्सीच्या काचा (तपासणीसाठी काढलेल्या आतड्याच्या तुकड्याचे काप लावलेल्या काचपट्ट्या) मागितल्या, तेव्हा आमच्या पिशवीत रिपोर्टचा एक कागद तेवढा होता. सगळे तुकडे फॉर्मेलिनच्या बाटलीत घातलेले. त्यात जंतू मरतात, त्यामुळे टीबीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, ते निरुपयोगी ठरले. एखादा तुकडा सलाईनच्या बाटलीत वेगळा ठेवायला असा काय मोठा खर्च येतो?

क्रोन्ससाठीची इन्फ्लिक्सिमॅबसारखी महागडी इंजेक्शने सरकारी योजनेतून मिळावीत, ही मागणी आहेच. पण निदानच चुकले तर ती कोणाला देणार? तेव्हा सरकारी रुग्णालयांना लेखी आदेश द्यावा: बायोप्सीसाठी दोन बाटल्या, अंदाजाने सुरू केलेल्या कोर्सच्या कागदावर फेरतपासणीची तारीख, आणि रुग्ण सीमेपलीकडे दाखवायला निघाला तरी मागताक्षणी काचा व ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) त्याच्या हाती. हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावला येता. हा आदेश त्याच वेळी निघावा, ही विनंती.

आपला,
एका रुग्णाचा काका, खानापूर तालुका