तुझी वही पाठवतो आहे

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तू सुवार्तेच्या कामाला सुखरूप पोहोचलीस हे आईकडून कळलं. मला वेगळा निरोप आला नाही, आणि येईल अशी आशाही नव्हती. आदल्या रात्री चारचौघांत मुलीवर आवाज चढवणाऱ्या बापाला दुसऱ्या दिवशी कोण निरोप धाडतं? तू निघालीस तेव्हा मी जागा होतो. बॅगेची चाकं फरशीवरून गेलेली ऐकली, कडी ऐकली, दारात आईने केलेली प्रार्थना ऐकली. उठलो नाही. आमेन मात्र पांघरुणातून म्हटलं.

हे पत्र फक्त ख्यालीखुशालीचं लिहायचं आहे. वहीचा विषय काढायचा नाही, असं आईने बजावलंय आणि मी तिला तसा शब्द दिलाय.

तर, इकडे सगळं ठीक. आईचा खोकला कमी आहे. तुझी खोली वर्षभर रिकामी म्हणून दादाला तिथे त्याची खोकी ठेवायची होती, मी नाही म्हटलं. रविवारी पाळकसाहेबांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. उपासना सुटल्यावर मागच्या बाकावरच्या आजी माझा हात धरून, "तुमची मुलगी म्हणजे..." एवढंच बोलल्या आणि डोळे पुसायला लागल्या. माझी छाती फुगली होती, कबूल करतो. आणि तेव्हा तुझी वही माझ्या कोटाच्या खिशात होती.

बघ, आलाच विषय.

आधी माझी चूक लिहितो, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील. दुसऱ्याची वही उघडायची नसते. उघडली तरी मोठ्याने वाचायची नसते. आणि तुझ्या निरोपाच्या प्रार्थनेला जमलेल्या माणसांसमोर तर नाहीच नाही. पण काका छत्री तिथेच टाकून निघून गेला, तू टेबलाशी मान खाली घालून काहीतरी लिहीत होतीस, आणि माझं डोकं फिरलं. पट्टीने आखलेले तीन रकाने. नाव, किती वेळा, निकाल. कुठे बरोबरची खूण, कुठे प्रश्नचिन्ह. नवव्या ओळीत, शाई अजून ओली: काका, ४, खडकाळ जमीन.

येशूचा पेरणाऱ्याचा दाखला, बी कुठल्या जमिनीत टिकतं नि कुठल्या नाही तो, मीच तुला शिकवला, शब्बाथ शाळेत, फळ्यावर खडूने चार जमिनी काढून. पण त्या दाखल्यात पेरणारा फक्त पेरत जातो गं. कुठली जमीन कसली, हे तो वहीत मांडत बसलाय असं कुठे आहे?

तुमच्या पथकाची ती प्रश्नांची पद्धत मला ठाऊक आहे. माझ्या तरुणपणीही होती, नुसता कागद बदललाय. "आज रात्री तुम्हाला मरण आलं तर तुम्ही कुठे जाल?" प्रश्न खोटा नाही. कित्येक जण त्याच प्रश्नाने हलले आणि वळले, मी पाहिलेत. पण तू तो काकाला विचारलास. रात्री. त्या घरात. काकाचा छोटू कुठल्या वेळी गेला हे तुला कुणी सांगितलं नव्हतं का? तू चार वर्षांची होतीस, तुला कसं आठवणार. सांगायला मी हवा होतो. मी सांगितलं नाही, कारण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

ते आज सांगतो.

छोटूला पुरून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मी काकाकडे गेलो. खिशात सुवार्तेच्या छापील पत्रिका होत्या. तेव्हा त्या कायम असायच्या, शंभराचा गठ्ठा महिन्यात संपवायचाच असा माझा नेम होता. काका बसला होता. काकू आत होती. मी शेजारी बसलो आणि दोन मिनिटंही गप्प राहू शकलो नाही. म्हणालो, देव माणसाला जागं करायला असं करतो, आता तरी त्याच्याकडे वळ. आणि पत्रिका पुढे केली. त्याने ती घेतली, शांतपणे चार घड्या घातल्या, आणि वाकून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मागच्या वर्षी ते टेबल हलवायला मी हात लावला होता. पत्रिका अजून तिथेच आहे, पिवळी पडून दगडासारखी झालीय.

एकोणीस वर्षं झाली. तो चर्चच्या मंडळीत आला नाही. दर रविवारी संध्याकाळी माझ्याशी बुद्धिबळ खेळायला मात्र येतो. या रविवारी आला नाही. तर खडकाळ जमीन म्हणताना, दगड कुणी आणून टाकले तेही वहीत लिही. नको, लिहू नको. मला काय म्हणायचंय ते तुला कळलं.

तू भडकून म्हणालीस, "मग काय, गप्प बसायचं? नुसतं चांगलं वागायचं आणि लोक आपोआप ओळखतील?" नाही. मी तसं म्हणत नाही. 'शब्दांची गरज पडली तरच वापरा' असं एक वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खपवतात, ते त्याच्या लिखाणात कुठेच सापडत नाही. उलट तो माणूस भरपूर बोलायचा. १२१९ साली धर्मयुद्ध ऐन भरात असताना तो थेट इजिप्तच्या सुलतानासमोर जाऊन उभा राहिला, तो काय मूकपणे हसायला? बोलायला हवंच. माझ्या पोरीला बोलता येतं याचा मला गर्व आहे. पण बायबलातला फिलिप आठव. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. रथ चाललाय, आत तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी यशया वाचतोय. फिलिप धावत जातो, आधी ऐकतो तो काय वाचतोय, मग विचारतो, कळतंय का? आणि समोरच्याने वर बसायला बोलावल्यावरच चढतो. बोलायला सुरुवात करतो तीही त्याच माणसाच्या पुढ्यात उघडलेल्या ओळीपासून. स्वतःच्या खिशातल्या कागदापासून नव्हे. प्रेषित पेत्रसुद्धा, जो विचारतो त्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो, आणि वर दोन शब्द जोडतो, 'सौम्यतेने व भीडस्तपणाने'. भीडस्तपणा! आपल्या मंडळींत हा शब्द जवळजवळ शिवीसारखा झालाय.

आणि टिळक. नारायण वामन टिळकांना आगगाडीत जो गोरा माणूस भेटला, तो त्यांच्याशी संस्कृत काव्याबद्दल बोलत होता. तासन्‌तास. उतरायच्या वेळी त्याने नवा करार हातात ठेवला. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून त्यांना पुढे जाववेना. १८९५च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या माणसाचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्याकडे वही असती तर त्या ओळीत प्रश्नचिन्हच राहिलं असतं. आणि टिळकांच्या घरात काय झालं? लक्ष्मीबाई १९०० साली आल्या, पाच वर्षांनी, आपल्या पायांनी, स्वतःचं स्वतःला पटल्यावर. टिळकांसारखा बोलणारा, कवी, कीर्तनकार, आणि घरच्या माणसाला पाच वर्षं! विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याला तर बंगालमध्ये पहिल्या माणसासाठी सात वर्षं लागली, १७९३ ते १८००, आणि तोही आला तो निखळलेल्या खांद्याचं दुखणं घेऊन. सुतार होता. केरीच्या सोबतच्या डॉक्टर थॉमसने आधी त्याचा खांदा बसवला.

मोठ्या सभांना मी नावं ठेवत नाही. अमेरिकन प्रवचनकार बिली ग्रॅहमच्या १९७३च्या कोरियातल्या सोलच्या सभेला शेवटच्या दिवशी दहा लाखांवर माणसं होती. तो फोटो तू भिंतीला लावलायस, मीच खिळा ठोकलाय. पण पुढे आलेल्यांजवळ बसून बोलायला त्या सभांमधून माणसं तयार ठेवलेली असत, हेही फोटोखाली लिही. आणि तुमच्या पथकाने मुलांना बोलावताना दप्तरं वाटली असं तू सांगितलंस, ते मला बरं वाटलं नाही. वाटा ना दप्तरं, पण प्रवचनाच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी वाटा. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन आणि जागतिक इव्हँजेलिकल आघाडी, एरवी एकमेकांशेजारी खुर्ची न घेणारे हे तिघे एकत्र बसून साक्ष कशी द्यावी यावर एक कागद काढतात, आणि आमिष नको, जबरदस्ती नको असं त्यात स्पष्ट लिहितात, म्हणजे

पुरे. परिपत्रक वाचायला लागलो. आई शेजारून म्हणतेय की ख्यालीखुशालीचं पत्र चार पानांचं कसं झालं. माफ कर. तू वर्षभर ऊन-पाऊस सोसणार, अनोळखी दारं ठोठावणार, शिव्या खाणार, आणि मी इथे पंख्याखाली बसून तुला केरी सांगतोय.

खरं सांगू? शिव्यांची मला भीती वाटत नाही. कधीकधी सुवार्ता सांगत फिरणाऱ्या साधू सुंदरसिंगांचा विचार येतो. १९२९ साली ते तिबेटच्या वाटेला लागले आणि परत आले नाहीत. काय झालं ते कुणालाच कळलं नाही. लहानपणी ती गोष्ट तू माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकायचीस आणि म्हणायचीस, "पपा, मी पण अशीच जाणार." मी हसून "जा" म्हणायचो. असं निघून जाणाऱ्याच्या बापाला काय वाटत असेल हे मला तेव्हा कधी सुचलं नाही. दर दोन दिवसांनी फोन कर. आईला नको, मला.

तुला ते बायबल आठवतं का? पाठांतरात पहिली आलीस म्हणून मिळालेलं, लाल पुठ्ठ्याचं, चेन असलेलं. तू सात वर्षांची. तिसऱ्या दिवशी ते शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला देऊन आलीस. तिला चेन उघडझाक करायला आवडत होती, एवढंच कारण. संध्याकाळी मोठ्या ऐटीत सांगितलंस. आणि रात्री माझ्या कुशीत येऊन हमसून रडलीस: "पपा, परत मागू का?" मी म्हटलं, माग, देईल ती. सकाळी तू गेलीस आणि न मागता आलीस. विचारलं तर म्हणालीस, "ती आत एक पान वाचत होती, मग मी तिथेच बसले." किती वेळ बसलीस कोण जाणे, पहिला तास बुडाला होता. बाईंची चिठ्ठी आली होती, ती मी अजून जपून ठेवलीय.

त्या मुलीचं पुढे काय झालं तू कधी विचारलं नाहीस, मीही नाही. तेव्हा तुझ्याकडे वही नव्हती.

पुन्हा तेच. म्हातारा झालो की असा झालो, काय सांगू. वही पाठवतो आहे, ती तुझी आहे, तुझ्या कामाची आहे. तुमच्या पथकप्रमुखांना महिन्याचे आकडे द्यावे लागतात हेही मला माहीत आहे; आकडे द्यायचे तर द्या. फक्त नवव्या ओळीतला शेवटचा रकाना खोडता आला तर बघ. नाही खोडलास तरी मी विचारणार नाही.

विचारेन बहुतेक.

आई सलाम सांगते. पायांना रात्री तेल लाव.

तुझे पपा

ता.क. हे सकाळी लिहितोय. वही पाकिटात घालताना हातातून निसटली आणि मागच्या बाजूने उघडली. शपथ, या वेळी मी उघडली नाही. मागच्या पानांवरही नावं आहेत आणि नावांपुढे रकाने नाहीत, हे मला माहीत नव्हतं. काकाच्या नावापुढे तुझं बारीक अक्षर: "डावा डोळा, मोतीबिंदू. २१ तारीख, सकाळी ८. कुणाला सांगू नको म्हणाले. सोबत कोण जाणार?"

मला तो बोलला नाही. तुला चार भेटींत बोलला. गेले दोन महिने तो पटावर प्यादं समजून उंट उचलायचा, आणि मी जिंकतोय म्हणून खूश होतो.

२१ला मी आठाच्या आधी पोहोचेन. छत्री परत द्यायला आलोय असं सांगेन. तुझं नाव घेणार नाही.